कोश उघडावा की पुढे वाचावं?

माझ्या मावसभावाची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, आता नोकरी करते, आणि तिला मराठी कादंबऱ्या वाचायच्या आहेत. त्याही शहरी नकोत, गावाकडच्या हव्यात. परवा तिनं विचारलं, "काका, शब्द अडला की लगेच कोशात बघू, की अंदाजानं पुढे जाऊ?" मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हींत फसलोही आहे. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कोशांची ओळख करून देत बसत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, वाढवलेली आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८ मध्ये सात खंड, १९५० ला पुरवणी) ज्याच्या हाताशी आहेत, त्यानं कोश अपुरा आहे अशी कुरकुर करू नये. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. औतफाट्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचे शब्द त्यांत बहुतेक असतातच. प्रश्न असतो तो मला सापडायचा.

मी ठाण्यात वाढलो. बैल पाहिला तो पोळ्याच्या दिवशी वर्तमानपत्रातल्या फोटोत. कॉलेजात असताना एका कथेत वाचलं की पाऊस झाला, वाफसा आला आणि म्हाताऱ्यानं चाड्यावर मूठ धरली. वाफसा कळला, म्हणजे पावसानंतर रान पेरणीजोगं झालं असणार. पण चाड्यावर? कोश काढला. 'चाड' सापडलं. अर्थ: पर्वा, फिकीर. म्हाताऱ्यानं फिकिरीवर मूठ धरली! मी तसंच वाचलं, आणि वर लेखकाच्या अलंकाराचं कौतुकही केलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की शब्द 'चाडे' आहे. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, वर लाकडी वाटीसारखं पात्र असतं, त्यात मुठीनं बी सोडतात आणि ते नळ्यांतून खाली फणांपाशी उतरतं. चाड्यावर मूठ धरणं म्हणजे साधं पेरणं.

माझं मन कोशावरून उडालं ते इथे. मराठीत शब्द छापलेला दिसतो तो प्रत्यय लागलेला, म्हणजे सामान्यरूपात. कोशात तो मूळ रूपात असतो. 'चाड्या'च्या मागे चाडा असेल, चाडे असेल, गडी-गड्या या चालीवर चाडीही असेल. ओळखीच्या शब्दांत ही गंमत जाणवत नाही. विंचवाला म्हणजे विंचू, विहिरीत म्हणजे विहीर, हे आपण न शिकता करतो. अनोळखी शब्दाला मात्र मूळ रूप कुठलं, हे आधी ठरवायला लागतं, आणि ज्याला मूळ रूप ठाऊक त्याला बहुधा शब्दही ठाऊक असतो. शिवाय हे दोन्ही कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे. तेव्हाचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांत जागच्या जागी आहेत: चाडें, खळें, तळें. पडद्यावर शोधताना एक टिंब राहिलं की शब्द नाहीच असं वाटू शकतं. सवयीनं जमतं हे, नाही असं नाही. पण पहिल्या पन्नास पानांत जमत नाही, आणि पुस्तक मिटलं जातं ते त्याच पन्नास पानांत.

आणि खरं सांगायचं तर त्या कथेत चाडे कळायला कोश लागतच नव्हता. पुढच्याच परिच्छेदात बी नळ्यांतून सरसर उतरत होतं. मी तिथपर्यंत पोचलो तो डोक्यात 'फिकीर' घेऊन, म्हणून ते दिसलंच नाही. कोशानं चुकीचं काही सांगितलं नव्हतं, मीच दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलो होतो.

फोनवर शब्द दाबून अर्थ काढायची सोय आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. मालवणी संवाद वाचताना 'झील' दाबलं तर 'तलाव' आलं. वाक्य होतं, "तेचो झील मुंबैक गेलो." आता तलाव काही मुंबईला जात नाही. कोणीतरी माणूस गेला, तोही घरातला. झील म्हणजे मुलगा हे त्या वाक्यानंच सांगितलं, फोनला ते हिंदी वाटलं. तसाच घोव, तसंच चेडू. बोलीतल्या नात्यांच्या शब्दांना मी तरी कोश उघडत नाही. दोन पानांत नवरा कोण आणि मुलगी कोण ते कळतंच.

अंदाजाचीही खोड सांगायला हवी, नाहीतर एकतर्फी होईल. 'वळचण' मी वर्तमानपत्रांतून शिकलो. सत्तेच्या वळचणीला अमुक गेले, तमुक बसले. त्यावरून मी ठरवलं, वळचण म्हणजे आडोशाचा कोपरा. चाललं तेवढ्यावर, दहाएक वर्षं. मग 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण समोर आली आणि कोपऱ्यातलं पाणी छपराच्या माथ्याला कशाला जाईल हे काही केल्या जुळेना. मग चिमण्यांनी वळचणीत घरटं केल्याचं कुठेतरी वाचलं, आणि छपराची खाली उतरलेली कड डोळ्यांपुढे आली. पाऊस निथळतो ती, आणि माणूस भिजू नये म्हणून उभा राहतो तीही. दहा वर्षं अर्धवट अर्थावर काढली हा अंदाजाचा दोषच. पण मला तो शब्द आता जितका माझा वाटतो, तितका कोशातून उचललेला एकही वाटत नाही. हे मोजून दाखवता येणार नाही.

मोजणाऱ्यांचंही म्हणणं आहे. इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवर हू आणि नेशन यांनी २००० साली केलेला अभ्यास नेहमी सांगितला जातो: मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासांत एक अनोळखी. तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावावा असं मी म्हणणार नाही, पण माझा अनुभव त्याच्या जवळ जातो. कादंबरीच्या पानाला पाच-सहा शब्द अडले तरी गोष्ट चालते. दहा-बारा झाले की आजूबाजूचे शब्दच अडलेले असतात, मग अंदाज कशाच्या आधारानं करायचा?

म्हणूनच ज्ञानेश्वरीसारखं जुनं वाचायचं असेल तर माझा सल्ला उलटा आहे. तिथे अडलेले शब्द त्रास देत नाहीत, ओळखीचे देतात. 'सांडणे' म्हणजे आपल्याला दूध आठवतं, तिथे तो टाकून देणं, सोडणं असतो. 'पुसणे' म्हणजे विचारणं. असे शब्द वाक्यात बरे बसल्यासारखे वाटतात आणि शंकाच येत नाही. तिथे सार्थ आवृत्ती घ्यावी, जवळ तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) ठेवावा, आणि लाज न बाळगता ओवीओवीला थांबावं.

पण तिला ज्ञानेश्वरी वाचायची नाहीये, कादंबरी वाचायची आहे. स्वभाव ज्याचा त्याचा. माझी एक मैत्रीण अर्थ कळल्याशिवाय ओळ ओलांडत नाही आणि ती माझ्यापेक्षा नेमकं वाचते, हे कबूल. मी मात्र अलीकडे पेन्सिल घेऊन बसतो. अडलेल्या शब्दाखाली ठिपका देतो, मनात एक कच्चा अर्थ धरतो (अवजार, नातं, खाणं, शिवी, एवढंही पुरतं) आणि पुढे जातो. कोशाची पाळी रविवारी. आणि तोवर शब्द आणखी दोन-तीनदा वेगवेगळे प्रत्यय लावून भेटलेला असतो, त्यामुळे मूळ रूपही आपोआप हाती लागतं. कोशाशी माझं जे भांडण होतं ते अशानं बरंचसं मिटलं. तिनंही आधी हे महिनाभर करून बघावं, मग सात खंडांसाठी कपाटात जागा करावी.

गेल्या रविवारी बारा ठिपके होते. त्यातले आठ कोश न उघडताच खोडले.