यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड, आणि त्यापायी घेतलेला अडॅप्टरवाला हब: सात महिन्यांनंतर

सात महिने झाले हा हब (लॅपटॉपच्या एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) वापरतोय, म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती स्तुती झाली असती आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या. सात पोर्टचा आहे, यूएसबी ३.०, सोबत वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर आलाय जो प्लगला लावून ठेवायचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बऱ्याच हबना लागू पडेल असं मला वाटतं.

पण हब घेतला कशाला ते आधी सांगायला हवं. माझ्याकडे २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क आहे, अडीच इंची, आतली तबकडी फिरणारी, एसएसडी नाही. सगळे फोटो त्यात. एक दिवस लावली तर ट्यांग वाजलं आणि पाठोपाठ टुंग, आणि कोपऱ्यात पॉपअप आला, यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड, खाली असं काहीतरी की तुम्ही शेवटचं लावलेलं डिव्हाइस बिघडलंय आणि विंडोजला ते ओळखता येत नाहीये. काढून परत लावली, चालली. दुसऱ्या दिवशी तीन वेळा काढघाल केल्यावर चालली. मग रोजचंच झालं, लावा, ट्यांग टुंग, काढा, फुंकर मारा, परत लावा.

तो बिघडलंय शब्द वाचला की पोटात गोळाच येतो. मला वाटलं डिस्क गेली. त्या घाबरण्यातून एक काम मात्र बरोबर झालं, डिस्क उचलली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली, तिथे चालली म्हटल्यावर बाकी काहीही न करता आधी सगळे फोटो दुसरीकडे कॉपी करून घेतले. तुमच्याकडे हा एरर येत असेल तर पुढचं वाचायच्या आधी हे करा, डिस्क ज्या मशीनवर चालतेय तिथे चालतेय तोवर.

त्यानंतर माझे तीन आठवडे गेले, आणि तेही चुकीच्या दिशेनं. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी) उघडलं तर पिवळ्या त्रिकोणासकट एंट्री, अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड, कोड ४३. अननोन म्हणजे ड्रायव्हर (विंडोजला ती वस्तू चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नसणार असं डोक्यात बसलं आणि मी ड्रायव्हर शोधत फिरलो. तीन संध्याकाळी! नंतर समजलं की इथे ड्रायव्हरचा नंबरच लागलेला नसतो. कसं असतं बघा, काहीही यूएसबीला लावलं की लॅपटॉप आधी त्याला रिसेट करतो आणि विचारतो बाबा तू कोण, आणि त्या वस्तूनं १८ बाइटचं एक छोटंसं उत्तर द्यायचं असतं, त्यात बनवणाऱ्याचा नंबर, मॉडेलचा नंबर वगैरे. त्यालाच डिस्क्रिप्टर म्हणतात. ते उत्तरच आलं नाही किंवा अर्धवट आलं तर विंडोजला समोर हार्डडिस्क आहे की माउस हेही माहीत नसतं, मग ते ड्रायव्हर कुठला लावणार?

हे तपासायचं कसं, तर त्या एंट्रीवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीआयडीच्या, म्हणजे बनवणाऱ्याच्या नंबरच्या, पुढे चार शून्य दिसले तर उत्तर आलेलं नाही, म्हणजे केबल, पोर्ट, पॉवर किंवा खुद्द वस्तू. चार शून्य सोडून खराखुरा नंबर दिसत असेल आणि कोड २८ असेल, तर ड्रायव्हर टाकलेला नाही एवढंच, ते सोपं. मला हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या. लॅपटॉपवाल्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा (लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरच्या चिपांचा) ड्रायव्हर आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं ही वेगळी गोष्ट, कारण तो ड्रायव्हर पोर्टच्या बाजूचा. ते मी केलं, माझ्या केसमध्ये काही फरक पडला नाही, पण एकदा करून टाकावं.

सॉफ्टवेअरचे बाकीचे उपाय मी सगळे केले आणि त्यातले दोन खरंच कामाचे निघाले, फक्त ते दुसऱ्याच दुखण्यावरचे होते. एक म्हणजे पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड. वीज वाचवायला विंडोज रिकामं बसलेलं यूएसबी झोपवतं आणि काही डिस्क उठताना मग रुसतात. ते डिसेबल केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या (हा लॅपटॉपच्या आतलाच, विकत घेतलेला नव्हे) पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ती वीज वाचवण्याची टिक काढली, त्यानं मधेच डिस्क गायब होणं थांबलं. लावतानाचा एरर मात्र जसाच्या तसा. (बॅटरीवर जास्त काम करणाऱ्यांनी याचा विचार करून करा, थोडी बॅटरी खातं.) दुसरं म्हणजे एकदा डाव्या बाजूचे दोन्ही पोर्ट एकदम मेले, माउससुद्धा चालेना. चार्जर काढला, शटडाउन केला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, मग चालू केला तर दोन्ही पोर्ट जिवंत. आणि हो, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतो, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे बंद करून चालू केलं तरी फरक नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा रिस्टार्ट करून बघा, हसू नका, रिस्टार्ट आणि शटडाउन हे खरंच वेगळे आहेत.

खरा क्लू लेकीनं दिला. तिची तशीच डिस्क आहे, फक्त केबल वेगळी, आखूड, वीतभर. ती म्हणाली बाबा माझी केबल लावली की कधीच टुंग वाजत नाही. बघितलं तर खरंच! माझी मूळ केबल कधीतरी हरवली होती आणि मी लांबीच्या सोयीसाठी दीड मीटरची घेतली होती. सोय कसली, तिनंच घात केला.

इथे जरा आकडे देतो कारण हे कुणी नीट सांगत नाही. यूएसबी २ च्या पोर्टनं ५०० मिलिअँपपर्यंत द्यायचं असतं आणि यूएसबी ३ च्या पोर्टनं ९००. अडीच इंची डिस्कची तबकडी थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा ती सगळ्यात जास्त करंट ओढते आणि नेमका हाच तो तू कोण विचारण्याच्या आसपासचा वेळ असतो. आता केबल. काही केबलींच्या आवरणावर बारीक अक्षरात २८ किंवा २४ असे गेजचे आकडे छापलेले असतात, आकडा लहान तितकी तार जाड. दीड मीटरच्या केबलीत करंट जाऊन परत येतो म्हणजे ३ मीटर तार झाली. पॉवरची तार २८ गेजची असेल तर ९०० मिलिअँपला अर्ध्या व्होल्टच्याही वर केबलीतच पडतो, २४ गेजची असेल तर साधारण पाव व्होल्ट. मुळात मिळतात ५ व्होल्ट, त्यातला अर्धा रस्त्यातच गेला, वर पिन सैल असेल तर तिथे अजून थोडा, मग डिस्क फिरायचा प्रयत्न करते, दमते, रिसेट होते, परत प्रयत्न. कानाजवळ धरली तर टिक टिक ऐकू येतं. विंडोज मात्र म्हणतं बिघडलंय.

शिवाय त्या डिस्कची पिन म्हणजे ती रुंद, चपटी, मधे खाच असलेली मायक्रो बी, जी वर्षभरात सैल होतेच. माझ्या केबलीचं डोकं जरा वाकडं धरलं की चालायचं. ही खूण दिसली तर केबल बदला, विंडोजला हात लावू नका.

आखूड केबल घेतली आणि बराचसा त्रास तिथेच संपला, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणजे हब घ्यायच्या आधीच. उरलं ते एवढंच की डिस्क, वेबकॅम आणि माइक एकाच वेळी लावले की अधूनमधून टुंग वाजायचं. त्यासाठी हा हब.

पहिला महिना एकही एरर नाही. डिस्क आता करंट हबच्या अडॅप्टरकडून घेते, लॅपटॉपकडे फक्त डेटा. कॉपीचा स्पीड डायरेक्ट लावल्यावर जेवढा तेवढाच, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, तबकडीवाली डिस्क याहून जास्त फारशी देत नाहीच. एकदा ३५ वर अडकला होता, मग कळलं की यूएसबी ३ ची पिन फार सावकाश सरकवली तर जुन्या चार पिना आधी टेकतात आणि नवीन पाच नंतर, तेवढ्यात लॅपटॉप तिला यूएसबी २ समजून मोकळा होतो. झटक्यात लावायची.

दुसऱ्या महिन्यात वायरलेस माउस अडखळायला लागला. पॉइंटर उड्या मारायचा, आणि फक्त डिस्कवर कॉपी चालू असताना. मला वाटलं सेल संपला. सेल बदलला, तेच. कारण असं की यूएसबी ३ चा डेटा जात असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि माउसचा डोंगल (पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ सालीच यावर पेपर काढलेला आहे, म्हणजे जुनं प्रकरण. डोंगल हबमधून काढून एका छोट्या एक्स्टेन्शन केबलीनं हातभर लांब ठेवला, संपला विषय. हबच्या खोक्यावर मात्र याबद्दल एक अक्षर नाही.

मग चौथ्या महिन्यातली मोठी कटकट. एका सकाळी लॅपटॉप चालूच होईना, लोगोवर अडकला. हब काढला की चालू, लावला की अडकला. रात्री लॅपटॉप बंद करून लाइट घालवला तर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावलेल्या वायरवाल्या माउसचा लाल दिवा मंद जळतोय! लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि माउसला करंट. म्हणजे हब आपल्या अडॅप्टरचा करंट उलटा लॅपटॉपमध्ये ढकलत होता. चांगल्या हबमध्ये हे अडवायची सोय आतच असते, याच्यात नाही किंवा असून नसल्यासारखी. हा मला या हबचा सगळ्यात मोठा दोष वाटतो आणि यासाठी मी दोन स्टार कापतोय. आता लॅपटॉप बंद केला की हबच्या प्लगचंही बटण बंद करतो. घ्यायच्या आधी ही दिव्याची टेस्ट करता आली तर जरूर करा, नाहीतर परत करायच्या मुदतीत तरी करा.

तसंच एक, वीज गेली आली की हब कधीकधी डोकं फिरल्यासारखा वागतो, सगळ्या पोर्टवर एकदम कोड ४३. लॅपटॉप पाच वेळा रिस्टार्ट केला तरी काही होत नाही, आणि ते बरोबरच आहे कारण हबला स्वतःची वीज मिळतेय, तो कुठे बंद झालाय? लॅपटॉपकडची केबल आणि अडॅप्टर दोन्ही काढून दहा सेकंद थांबायचं. नुसतं एक काढून उपयोग नाही, दुसऱ्या बाजूनं त्याला करंट मिळतच राहतो.

सात पोर्ट हा आकडा मला आधीपासून विचित्र वाटायचा. आत चार-चार पोर्टच्या दोन चिप असतात, पहिलीचा एक पोर्ट दुसरीला जोडण्यात जातो, म्हणून आठाचे सात. म्हणजे हा खरं तर एकामागे एक लावलेले दोन हब. माझ्या हबचे लॅपटॉपच्या केबलीजवळचे तीन पहिल्या चिपवर आहेत आणि नखरेल वस्तू तिथेच सुखानं नांदतात, डिस्क मी कायम पहिल्यात लावतो. वेबकॅम शेवटच्या पोर्टवर दर दोन दिवसांनी गायब व्हायचा, तिसऱ्यावर आणल्यापासून गप आहे. शिवाय सातही पोर्ट मिळून लॅपटॉपचा एकच पोर्ट वाटून घेतात, तेव्हा दोन डिस्क एकदम कॉपीला लावून स्पीड नाही म्हणून ओरडू नका.

ज्यांना डिस्क लावल्यावर एरर येत नाही, आवाज नीट येतो, पण माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, त्यांनी हब घेऊ नये. तो रोग निराळा, बहुतेकदा ड्राइव्हला अक्षर (डी, ई असं) मिळालेलं नसतं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन द्यायचं. पण तिथे फॉरमॅट करू का असं विचारलं तर हो म्हणू नका. आणि जी वस्तू दुसऱ्या दोन मशीनवर, दुसऱ्या केबलीनंही उत्तर देत नाही ती गेलेलीच समजा. माझा एक जुना पेन ड्राइव्ह तीन लॅपटॉपवर चार शून्यच दाखवतो, हबमध्येही तेच. त्याच्यात काय होतं तेही आता आठवत नाही.

पाचपैकी तीन स्टार. डिस्कचा लावतानाचा एरर सात महिन्यांत फक्त त्या वीज जाण्यायेण्याच्या वेळी आला, तोही दोनदा. प्रिंटर तेवढा अजून डायरेक्ट लॅपटॉपलाच लावतो, त्याचं आणि हबचं काही केल्या जमलं नाही, तिसऱ्या पोर्टवर पण नाही.