गाठीची तपासणी: एफएनएसी की कोअर बायोप्सी?

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेऊन केलेली तपासणी. तिची सुई रक्त काढायच्या सुईइतकी, बरेचदा त्याहूनही बारीक: २२ ते २५ गेज. सहसा भूल लागत नाही. सुई गाठीत पुढे-मागे हलवायची, आत आलेला थेंबभर ऐवज काचपट्टीवर पसरायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. अहवाल त्याच दिवशीही मिळू शकतो. थायरॉईडच्या गाठीसाठी मी तरी आधी हीच सुचवेन.

कोअरची सुई जाड, १४ ते १८ गेज (आकडा लहान तेवढी सुई जाड, इथे हमखास गोंधळ होतो). जागा बधिर करावी लागते, अहवालाला काही दिवस लागतात. पण हाती येतो ऊतीचा अखंड धागा.

खरी मेख इथेच आहे. एफएनएसीत सुट्या पेशी दिसतात, त्यांची मांडणी नाही. विटा कळतात, भिंत नाही. स्तनाच्या गाठीत पेशी कर्करोगाच्या आहेत हे कळलं, तरी त्या दुग्धनलिकेतच आहेत की बाहेर घुसल्यात, हे तिला सांगता येत नाही. तिथे कोअरच हवी. ईआर, पीआर (हार्मोनचे ग्राहक) आणि हर-२ (पेशींच्या वाढीशी निगडित प्रथिन) या तपासण्याही त्याच तुकड्यावर नीट होतात.

थायरॉईडच्या फॉलिक्युलर (ग्रंथीतल्या सूक्ष्म पिशव्यांच्या पेशींपासून झालेल्या) गाठीपुढे मात्र दोघी हात टेकतात. ती कर्करोगाची आहे का, हे ठरवायला पेशींनी गाठीचं आवरण भेदलंय का ते बघावं लागतं, आणि ते गाठ काढून तपासल्यावरच कळतं.