‘वॅक्स भरलेला जॉइंट’ म्हणून किनाऱ्यावर काय गळ्यात मारलं जातं

दिवाळीनंतर गर्दी वाढली की तारकर्ली-देवबागपासून वर गुहागर-काशीदपर्यंत गांजाच्या जॉइंटचा, म्हणजे ओढायच्या वळकटीचा, हा सौदा एकाच साच्यात चालतो, म्हणून तो साचाच उलगडून सांगणं बरं. गिऱ्हाईक बहुधा पुण्या-मुंबईचं, विशीतलं, आधी कधीच न ओढलेलं. टेलिग्रामवर किंवा इन्स्टाच्या मेसेजमध्ये एक फोटो येतो: काळी काचेची नळी, वर बुचाचं झाकण, त्यावर सोनेरी स्टिकर आणि ‘टीएचसी 38%’, म्हणजे नशेच्या घटकाचं प्रमाण. आत तपकिरी कागदाची जाडजूड वळकटी, कागदावर तेलाचे पिवळे डाग, वरून हिरवट-तपकिरी भुकटी चोळलेली. खाली लिहिलेलं असतं, ‘नवीन लोकांसाठी एकदम स्मूथ’.

मग क्यूआर कोड. निम्मे पैसे आधी. ते गेले की रायडरचे वेगळे, मग पॅकिंगचे, मग ‘पुढे चेकिंग लागलंय, दुसऱ्या रस्त्याने येतोय, त्याचे द्या’. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा लहान ठेवतात. आधी दिलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे देत जातो. बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते, नंबर ब्लॉक होतो. ज्यांचं एवढ्यावर निभावलं ते सुटले असंच आम्ही म्हणू, कारण नळी खरंच हातात पडली तर पुढचा धोका पैशांपेक्षा मोठा आहे.

असा जॉइंट म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या. गांजाच्या फुलांमधला नशेचा मुख्य घटक टीएचसी. चांगल्या फुलात तो साधारण 15 ते 20 टक्के असतो. फुलांवरची चिकट राळ वेगळी काढून दाट केली की तेच प्रमाण 60 ते 90 टक्क्यांवर जातं. त्याला वॅक्स, रोझिन, डिस्टिलेट अशी नावं आहेत. आता नळीवरचा आकडा खरा धरून हिशेब करा. एक ग्रॅमच्या जॉइंटमध्ये 0.7 ग्रॅम फूल 20 टक्क्यांचं, म्हणजे 140 मिलिग्रॅम. 0.3 ग्रॅम वॅक्स 80 टक्क्यांचं, म्हणजे 240. एकूण 380 मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या ‘नायडा’ या सरकारी संस्थेने 2021 मध्ये संशोधनासाठी टीएचसीचं एक प्रमाण माप ठरवलं, ते 5 मिलिग्रॅमचं. वीस झुरक्यांत जॉइंट संपतो असं धरलं तर प्रत्येक झुरक्यात 19 मिलिग्रॅम जळतं. त्यातलं पाऊण धुरात आणि राखेत गेलं तरी एका झुरक्यात जवळजवळ एक अख्खं माप रक्तात उतरतं. ‘नवीन लोकांसाठी’ हे शब्द इथेच खोटे पडतात. असा जॉइंट बनवलेलाच असतो सवय मुरलेल्या माणसासाठी.

त्यात आपली हवा. वॅक्स गरम झालं की पातळ होतं आणि उताराकडे सरकतं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत राहिलेल्या नळीत ते एका टोकाला जमतं. मग पेटवल्यावर एक बाजू भरभर जळते, दुसरी ओली राहून विझते. कोरडं टोक आधी पेटलं तर पहिले चार-पाच झुरके जवळजवळ नुसत्या फुलाचे निघतात. नवखा म्हणतो, ‘काहीच होत नाहीये,’ आणि दम धरून खोल ओढायला लागतो. नेमकं तेव्हा वॅक्स जमलेला भाग पेटतो. धुराचा अंमल काही मिनिटांत सुरू होतो आणि साधारण अर्ध्या तासात टोकाला जातो, म्हणजे पहिल्या झुरक्यांचा परिणाम कळायच्या आत पुढचे दहा ओढून झालेले असतात.

हे सगळं माल खरा असला तर. तो खरा आहे हे सांगणार कोण? कागदावरचा तेलकट डाग कुठल्याही तेलाचा पडतो, वरची भुकटी कुठल्याही वाळलेल्या पाल्याची होते. राख पांढरी पडली म्हणजे शुद्ध, तेलाचे बुडबुडे आले म्हणजे अस्सल, असल्या घरगुती परीक्षांवर अजिबात विसंबू नका. आत काय आणि किती आहे हे प्रयोगशाळेतच कळतं.

सगळ्यात घातक भेसळ टीएचसीची नक्कल करणाऱ्या कृत्रिम रसायनांची. जेडब्ल्यूएच-018 आणि त्याच्या जातकुळीतली पावडर ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून साध्या पाल्यावर फवारतात आणि वाळवतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. एका चिमटीत काहीच नसतं, दुसरीत जीवघेणी मात्रा असते. टीएचसी मेंदूतल्या पेशींवरचे जे रिसेप्टर (बटणंच म्हणा) अर्धवट चालू करतं, तेच ही रसायनं पूर्ण ताकदीने चालू करतात. त्यातून झटके, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, मूत्रपिंडाला इजा, भ्रम. शिवाय लघवीच्या नेहमीच्या गांजाच्या चाचणीत ती दिसत नाहीत, त्यामुळे डॉक्टरही चकतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2018 मध्ये असल्याच मालात उंदीर मारायचं ब्रोडिफॅकूम मिसळलेलं निघालं. दीडशेहून जास्त लोकांना नाका-हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागलं, काही दगावले.

‘कॅलिफोर्नियाचं सीलबंद आहे’ हे वाक्य तर सर्रास ऐकू येतं. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून प्रौढांना परवानाधारक दुकानातून विक्री होते हे खरं. पण तो माल कायद्याने त्या राज्याची हद्दही ओलांडू शकत नाही, समुद्र ओलांडून मालवणात येणं दूरच. रिकाम्या नळ्या, डबे, स्टिकर ऑनलाइन घाऊक मिळतात. थायलंडचं नाव घेणारेही भेटतात. तिथे जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण 2025 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतो. आणि भारतात आणणं दोन्ही काळात तस्करीच होती. ‘गोव्यात चालतं, इथून बांद्यापलीकडे जाऊन ओढा’ हेही धादांत खोटं. कायदा देशभर एकच आहे.

तो कायदा म्हणजे 1985 चा एनडीपीएस, अमली पदार्थांवरचा. भांगेची नुसती पानं त्याच्या व्याख्येत येत नाहीत, पण फुलं म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, आणि राळेचं दाट केलेलं तेलसुद्धा चरसच. ‘शंभर ग्रॅमच्या आत काही होत नाही’ असं विक्रेता छातीठोक सांगतो. शंभर ग्रॅम ही चरसाची ‘अल्प मात्रा’, सूट नव्हे. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड, किंवा दोन्ही.

हीच भीती पुढच्या फसवणुकीचं भांडवल आहे. पार्सल मिळून दोन-तीन दिवस झाले की व्हिडिओ कॉल येतो. खाकी शर्ट, मागे अशोकस्तंभाचं चित्र, हातात तुमच्याच यूपीआयचा स्क्रीनशॉट. ‘नार्कोटिक्समधून बोलतोय, विक्रेता पकडलाय, त्याच्या फोनमध्ये तुमचं नाव आहे. घरी कळवू की इथेच मिटवू?’ स्क्रीनशॉट विक्रेत्यानेच पुरवलेला असतो. बहुतेकदा बोलणारा तोच. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही, कुठलाही तपास अधिकारी यूपीआयवर प्रकरण मिटवत नाही. एकदा पैसे दिले की आठवड्याने पुन्हा फोन येणार हे धरून चाला. कॉल कट करा, नंबर, वेळ, व्यवहार क्रमांक जपून ठेवा, चॅट पुसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. आपलंही अंग त्यात आहे म्हणून धास्ती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला, पण खंडणी निमूट भरत बसू नका. अधिकारी असल्याचं सोंग आणि धमकावून पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 आणि 308 खालचे गुन्हे आहेत. मालाचे म्हणून दिलेले पैसे मात्र हक्काने परत मागता येत नाहीत, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे तो करारच रद्दबातल.

आणि कुणी ओढून बसलंच असेल तर? चेहरा पांढरा पडणं, घाम, छातीत धडधड, ‘आता मरतो’ अशी भीती, उलटी. त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. समुद्रात किंवा आंघोळीला नेऊ नका, वर दारू नको, लिंबू-ताक घशात ओतू नका. गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाते. स्कूटरची चावी काढून घ्या. झटका, छातीत दुखणं, हाक मारल्यावर न उठणं, कुठूनही रक्त येणं, यातलं एकही दिसलं तर लगेच 108. देवबागच्या टोकावरून मालवणचं ग्रामीण रुग्णालय आणि पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायला रात्री वेळ लागतो, तेव्हा ‘उतरेल थोड्या वेळाने’ म्हणत थांबू नका. डॉक्टरला खरं सांगा, उरलेला तुकडा नळीसकट दाखवा.

आता गावातल्या आई-वडिलांसाठी. या सौद्यात विक्रेता कधीच समोर येत नाही. समोर येतो तो आपल्याच वाडीतला, बाईक असलेला पोरगा. ‘ह्यां पार्सल थंय देवन ये’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं, दोनशे रुपये हातावर. पकडला गेला तर माल त्याच्या ताब्यात सापडतो. आत निम्मा साधा पाला असला तरी सुटका नाही. मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याहून वाईट म्हणजे क्यूआर कोडही पुष्कळदा त्याच्याच खात्याचा असतो. ‘तुझं अकाउंट महिनाभर दे, हजार रुपये घे,’ म्हणून एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याकडून घेतलेलं असतं. कोणीतरी 1930 वर तक्रार केली की पहिलं गोठतं ते हे खातं, आणि चौकशीची नोटीस येते त्याच्या घरच्या पत्त्यावर. पोराच्या खात्यात अनोळखी नावांनी हजार-दोन हजारांच्या रकमा येऊन त्याच दिवशी पुढे जाताना दिसल्या, तर त्याला सोबत घेऊन त्याच दिवशी बँकेत जा, कार्ड आणि यूपीआय बंद करा, सिम परत मागत न बसता ब्लॉक करा, आणि खातं कोणी, कधी, किती पैशांवर मागितलं ते लेखी अर्जात लिहून शाखेची पोच घ्या.