कादंबरी वाचून झाल्यावर काय लिहावे? एका वाचन-नोंदवहीचे परीक्षण

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी स्वतः निवडून वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी लिहावे, यासाठी खास छापलेल्या नोंदवह्या आता सहज मिळू लागल्या आहेत. त्यांपैकी एक वही आमच्या शाळेने नववीच्या एका तुकडीसाठी घेतली. शैक्षणिक वर्ष संपताना तिच्याविषयी माझे जे मत झाले, ते येथे मांडत आहे. परीक्षणात त्रुटींचाही उल्लेख असल्याने प्रकाशकाचे नाव देत नाही. तसेही अशा बहुतेक वह्यांचा साचा इतका सारखा असतो की, दुसरी एखादी वही घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांनाही ही निरीक्षणे उपयोगी पडावीत.

वही मोठ्या आकाराची, दोऱ्याने शिवलेली आणि सहा कादंबऱ्यांना पुरेल एवढी आहे. प्रत्येक कादंबरीसाठी पुस्तकाची ओळख, कथानक, पात्रपरिचय, ‘इथवर वाचून’ हे अर्ध्या वाचनानंतर भरायचे पान, आवडलेला उतारा, बोध, अभिप्राय आणि शेवटी शिक्षकांचा शेरा, अशी आठ पाने योजलेली आहेत. प्रस्तावनेत ‘वाचकाचा अनुभव हाच साहित्याभ्यासाचा पाया’ असे म्हटले आहे. हा विचार अमेरिकेतील अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली सविस्तर मांडला होता आणि आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांतूनही तो अधूनमधून डोकावतो. प्रस्तावनेतला हा विचार पुढच्या आठ पानांत मात्र सर्वत्र टिकलेला दिसत नाही. काही पाने तो मनापासून पाळतात, तर काही त्याच्या थेट विरोधात जातात.

पुस्तकाच्या ओळखीचे पान साधे आणि उपयुक्त आहे. आवृत्ती, प्रकाशक आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष शोधण्याच्या निमित्ताने मुलांना पुस्तकाची पहिली पाने उलटण्याची सवय लागते. (शाळेच्या वाचनालयातील प्रत पुन्हा बांधून घेताना नेमके तेच पान गहाळ झालेले असते, हा वेगळा विषय.) या पानावर अनुवादकासाठी ओळ ठेवलेली नाही, ही मात्र खटकणारी उणीव आहे. ‘पाडस’ वाचणाऱ्यांपैकी काहींनी लेखक म्हणून अनुवादक राम पटवर्धनांचे नाव लिहिले, तर काहींनी मूळ लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांचे, आणि ही दोन नावे एकाच पुस्तकावर का आहेत, हा प्रश्न वहीने कोणाला पडूच दिला नाही.

कथानकाचे पान हे या वहीतील सर्वांत निरुपयोगी पान आहे. ‘कथानक दहा ओळींत लिहा’ ही सूचना वाचताच विद्यार्थी काय करतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. पूर्वी तो पुस्तकाच्या मागच्या आवरणावरील मजकूर उतरवून काढत असे आणि आता मोबाइलला विचारतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर लिहिणाऱ्या मुलांनी कथानकाची पाने अत्यंत नेटकी भरली होती. पुढच्या पानावर मात्र पंचाईत झाली, कारण त्यांतील काहींनी २०१२ साली प्रदर्शित झालेला चित्रपट पाहून काम भागवले होते. कथानायक मुकुंदच्या मनात एकसारखी चाललेली बडबड हाच त्या कादंबरीचा प्राण आहे आणि तिच्याविषयी लिहायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. कथानक सांगता येणे म्हणजे कादंबरी वाचलेली असणे नव्हे, हे वही तयार करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते. पात्रपरिचयाच्या पानावरील नाव, स्वभाव आणि गुणदोष असा तीन रकान्यांचा तक्ताही त्याच जातीचा आहे.

‘इथवर वाचून’ हे पान मात्र असे आहे की, केवळ त्यासाठी मी ही वही पुन्हा घेईन. कादंबरी साधारण निम्मी झाल्यावर, शेवट माहीत नसताना ते भरायचे असते. त्यावर तीनच प्रश्न छापलेले आहेत: आतापर्यंत काय समजले नाही, कोणाचे वागणे पटले नाही, आणि पुढे काय होईल असे वाटते. पुस्तक संपल्यावर मागितलेल्या लेखनात मुले आपोआप निकाल देऊ लागतात, म्हणजे कादंबरी ‘अतिशय सुंदर’ असते आणि लेखकाने ‘हुबेहूब चित्रण’ केलेले असते. अर्ध्यावर थांबवून विचारले की निकाल देण्याजोगे काही हाती नसते, त्यामुळे त्यांना खरोखर जे वाटते आहे तेच लिहावे लागते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे उदाहरण देतो. कादंबरी १९५५ सालची, तरुण शिक्षकाने सांगितलेली आणि माणदेशातील धनगरांच्या वस्तीची आहे. कधी बंद पडलेली शाळा पुन्हा भरते, गाव श्रमून तालीम उभारतो आणि शेवटी दुष्काळाने वस्ती ओस पडते. एका विद्यार्थिनीने मधल्या पानावर लिहिले होते, ‘गावाला पोटभर मिळत नाही, तर मास्तरांना तालीम कशाला हवी? आधी विहीर का नाही?’ पुस्तक संपवल्यावर ती आपणहून त्याच पानाकडे परतली आणि समासात वेगळ्या शाईने तिने आणखी एक ओळ लिहिली: ‘सगळे गेल्यावर तालमीचे काय झाले असेल?’ या दोन ओळींमध्ये जे घडले आहे, ते शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेतूनही सहसा बाहेर येत नाही. कादंबरीचा आशय, मास्तरांचा उत्साह आणि त्या उत्साहाची मर्यादा या साऱ्याला तिने स्वतःच्या प्रश्नातून हात घातला होता, आणि यांपैकी एकही संज्ञा तिला वापरावी लागली नव्हती.

उताऱ्याच्या पानाची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात कादंबरीतील पाच-सहा ओळी उतरवायच्या आणि उजव्या अर्ध्या भागात त्या का निवडल्या, ते लिहायचे. केवळ उतरवून काढण्यात काय साधणार, अशी शंका मलाही होती, परंतु मुले उतरवताना काय बदलतात, हे पाहणे फार बोलके ठरले. ‘बनगरवाडी’तील धनगरांचे बोलणे उतरवताना काही मुलांनी ते नकळत पाठ्यपुस्तकी मराठीत आणले होते. त्यांच्या वह्या आणि मूळ पाने शेजारी ठेवून वर्गात मोठ्याने वाचल्यावर माणदेशी बोलीतील नेमके काय हरवले, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. उजवीकडील जागा मात्र फार तोकडी आहे. उताऱ्याला जेवढी जागा दिली, तितकीच त्यावरील विचाराला देऊन चालत नाही.

बोधाच्या पानाविषयी सौम्य शब्दांत लिहिणे कठीण आहे. ‘या कादंबरीतून तुम्हाला कोणता बोध मिळाला?’ या चौकटीत ‘पाडस’ वाचलेल्या एका मुलाने लिहिले, ‘वन्य प्राणी घरात पाळू नयेत.’ उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. पिकाची नासधूस करणारे, स्वतः वाढवलेले हरणाचे पाडस ज्या मुलाला अखेर गोळी घालावी लागते, त्या ज्योडीची ती गोष्ट आहे. हाच विद्यार्थी मधल्या पानावर ज्योडीच्या आईविषयी अर्धे पान रागाने लिहून गेला होता. चौकटीने त्याला सूचनाफलकावरच्या वाक्यापर्यंत आणून सोडले. पुढील आवृत्तीत हे पान काढून टाकावे आणि ती जागा उताऱ्याला द्यावी, असे मी प्रकाशकांना कळवले आहे. अभिप्रायाच्या पानावर पाच तारे रंगवायचे असतात आणि बहुतेकांनी पाचही रंगवले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शिक्षकांच्या शेऱ्यासाठी पानाच्या तळाशी दोन ओळी आणि स्वाक्षरीची जागा एवढेच दिलेले आहे. माझ्या मते वहीची मूळ चूक येथेच आहे. अमेरिकेतील मेन राज्यात शिकवणाऱ्या नॅन्सी ॲटवेल यांनी १९८७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकात एक पद्धत वर्णन केली आहे. त्यांचे विद्यार्थी स्वतः निवडलेल्या पुस्तकांविषयी शिक्षिकेला पत्रे लिहीत आणि शिक्षिका त्यांना पत्रानेच उत्तर देत. मुलांच्या लेखनाला वाचक मिळाला की ते बदलते, हे आमच्याही वर्गात दिसले. ‘छान प्रयत्न’ असा शेरा मिळालेल्या वहीत पुढचे लेखन होते तेवढेच राहिले, तर ‘बनगरवाडी’विषयी ‘मला मात्र कारभाऱ्याचे वागणे पटले, तुला का पटले नाही?’ असे विचारलेल्या वहीत उत्तर आले. आपल्याकडे एका तुकडीचा पट साठाच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक वेळी पत्र लिहिणे शक्य नाही, हे मान्य आहे. आम्ही दर आठवड्याला काही वह्याच घेतल्या, उरलेल्या मुलांनी एकमेकांच्या वह्यांत उत्तरे लिहिली आणि त्यासाठी कोरे कागद चिकटवावे लागले.

वहीच्या शेवटी दिलेल्या वाचनयादीत कादंबऱ्यांच्या मथळ्याखाली चरित्रेही घुसली आहेत आणि गेल्या वीस वर्षांतील लेखन जवळजवळ नाही. निवड मुलांची असावी, असा आग्रह असेल तर यादीपेक्षा वाचनालयाचे कपाट उघडे ठेवणे अधिक उपयोगाचे. आमच्या ग्रंथपालांनी मधल्या सुट्टीत तेच केले.

ही वही कोणत्या इयत्तेसाठी घ्यावी, हाही प्रश्न विचारात घ्यायला हवा. दहावीत कवितेच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक सौंदर्य अशा ठरावीक मुद्द्यांनी लिहिण्याचा सराव इतका पक्का करून घेतला जातो की, त्या वर्षी मुले याही वहीत मुद्देच लिहितील. शिवाय पूर्वपरीक्षेच्या धांदलीत पूर्ण कादंबरी वाचायला सवड कोणाला असते? नववी हेच तिचे योग्य वर्ष आहे आणि आठवीच्या चांगल्या वाचकांनाही ती देता येईल. कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही आणि शिवण वर्षभर टिकली. किंमत दीडशे रुपयांच्या आत असली, तरी संपूर्ण तुकडीसाठी ती रक्कम लहान नाही. ज्या शाळांना ती परवडत नाही, त्यांनी साधी शंभर पानी वही घ्यावी, उताऱ्यासाठी पानाच्या मधोमध रेघ मारावी, मधल्या पानाचे तीन प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत आणि उत्तरासाठी पुढचे पूर्ण पान कोरे सोडायला सांगावे.