रिकाम्या खोल्यांसाठी इलफर्डचा एचपी५ प्लस

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात चौकातलं ऊन आणि माजघरातला अंधार यांत पाच-सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक सहज पडतो. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेली खोली टिपायची तर दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवेत. कोपऱ्यातली त्याची काठी काळ्यात बुडाली की गेलेलं माणूसच फोटोतून जातं. दारातला उजेड फटफटीत झाला की पुढची वाटही पुसली जाते. ही दोन्ही टोकं सांभाळणारा कृष्णधवल फिल्मचा रोल म्हणून एचपी५ प्लसवर आमचा पूर्ण भरवसा आहे.

डबीवर आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) ४०० लिहिलंय, तरी अशा खोलीत उजेड मोजणारा मीटर २०० वर ठेवा. रीडिंग काठीमागच्या भिंतीचं घ्या आणि दोन स्टॉप कमी द्या. डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात एकास एक, २० अंशांवर, ४०० साठी ११ मिनिटं लागतात. २०० ला काढलेला रोल साडेनऊ मिनिटांना थांबवा, म्हणजे दारातला उजेड जळत नाही. पुश (डबीपेक्षा जास्त आयएसओ धरून काढणं आणि जास्त वेळ डेव्हलप करणं) मात्र करू नका. सावलीतला तपशील तिथेच मरतो.

बंद घरात एक्स्पोजर सेकंदांत जातं आणि फिल्म मंदावते, म्हणून मीटरपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. मीटर १० सेकंद म्हणाला तर २० द्या, ३० म्हणाला तर ८६. ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबणारी तार) नसेल तर या वाटेला जाऊच नये.

खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्याची. नळाचं पाणी तिशीच्या वर गेलं की डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांखाली येतो आणि निगेटिव्हवर डाग-पट्टे उमटतात. बाटल्या अन् टँक बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. थंडातून एकदम गरमात गेलेल्या फिल्मचा थर सुरकुततो. फ्रिजमधला रोल डबी न उघडता दोनेक तास बाहेर राहू द्या, नाहीतर दव धरतं.

अंबाझरी तलावाचा ओसाड काठ, वर सपाट पावसाळी आभाळ, अशा फ्रेममध्ये एचपी५ प्लसचा ग्रेन (दाणेदारपणा) आभाळभर दिसतो. तिथे ट्रायपॉड असेलच, तर इलफर्डचाच १२५ आयएसओचा, बारीक दाण्याचा एफपी४ प्लस घ्या.