कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ‘खारी द्या’ म्हटलं की काका विचारतात, ‘साधी की जिऱ्याची?’ मोनॅको हवं असेल तर ‘खारं बिस्कीट’ म्हणावं लागतं. दोन्हीकडे अर्थ मिठाचं असाच, पण ‘खारं’चं ‘खारी’ झालं की वस्तूच बदलते.

मोनॅकोला भोकं असतात. भाजताना वाफ त्यातून निघून जाते, म्हणून ते चपटं राहतं. खारीचं उलट. मैद्याच्या घड्यांमध्ये तूप असतं, वाफ आत कोंडते आणि पदर फुगतात. इथली साधी खारी मी सकाळी सातलाच घेते. नुसती बोटानं दाबली तरी पदर सुटतात, कागदावर सोनेरी चुरा पडतो. चहात दोन मोजेपर्यंत बुडवायची. तिसऱ्याला ती कपाच्या तळाशी. मीठ बेताचं, आणि खाल्ल्यावर टाळूला तुपाचा थर चिकटत नाही, हे मला फार आवडतं. जिऱ्याची मात्र दोनदा कडेला करपलेली निघाली, त्यामुळे आता घेत नाही. संध्याकाळची उरलेली सादळलेली असते, तीही नको. सकाळची घ्या, घरी आल्याआल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.