मंडळीची मूल्यं ठरवायला मदत करणारी वाशीची कार्यशाळा: पहिला शनिवार उत्तम, दुसरा घाईचा

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांसाठी, वाशीत दोन शनिवारी घेतली जाणारी ही कार्यशाळा आहे. वेळ सकाळी 10 ते 4. एका वेळी एकच मंडळी घेतात, आठ ते बारा माणसं. फी मंडळीमागे 6,000 रुपये, त्यात जेवण आणि साहित्य आलं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी लोकल थेट आहे, त्यामुळे कळवा-मुंब्र्याकडच्या मंडळ्यांनाही फार त्रास पडत नाही.

पैसे वसूल होतात ते पहिल्या दीड तासातच. मूल्यांबद्दल एक शब्दही न बोलता गेल्या 12 महिन्यांचा जमाखर्च आणि कार्यक्रमांची यादी टेबलावर ठेवायला सांगतात. खर्च पाच रकान्यांत भरायचा: उपासना व संगीत, शिक्षण, गरजूंना मदत, सुवार्ताकार्य (येशूचा संदेश लोकांपर्यंत पोचवणं), आणि इमारत व मानधन. सुवार्ताप्रसार हे आमचं पहिलं मूल्य, असं मनापासून सांगणाऱ्या मंडळीच्या वहीत त्या रकान्यात नाताळच्या कॅरोल-गाण्यांच्या फेरीची गाडी एवढीच नोंद निघू शकते. ते समोर आलं की पुढची चर्चा खरी होते, कारण मंडळी आज कशी वागते आणि तिला कसं व्हायचंय हे दोन वेगळे कागद लागतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं.

इथे नवी मुंबईची एक अडचण मार्गदर्शकांनी नीट ओळखली आहे. स्वतःची इमारत नसलेल्या मंडळ्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा दुसऱ्या चर्चमध्ये भाड्याने भरतात आणि भाडं अर्पणाचा, म्हणजे सभासदांनी दिलेल्या पैशांचा, मोठा घास घेतं. ती निवड नव्हे, नाइलाज आहे. म्हणून भाडं आधी बाजूला काढून उरलेल्या रकमेवरच रकाने भरतात. उणीव एवढीच, की पैशाविना होणारं काम वहीत दिसत नाही. इस्पितळातल्या भेटी, घरी पोचवलेले डबे, मुलांच्या शिकवण्या यांचे तास तिथे आठवणीवर लिहून घेतात आणि निम्मे सुटतात. महिला मंडळाकडून ही यादी आधीच करून नेली तर चित्र बदलतं.

पुढची पायरीही चांगली बांधली आहे. तुमची मूल्यं कोणती, असा प्रश्न विचारतच नाहीत. विचारलं की प्रेम, विश्वास, प्रार्थना ही तीन उत्तरं येतात, आणि ती कुठल्याही मंडळीला चालतात. त्याऐवजी विचारतात: मंडळीने घेतलेला कोणता निर्णय अवघड होता, पण योग्य वाटला? दहा मिनिटं सगळे गप्प बसून लिहितात, प्रत्येकी तीन कार्डं, नाव न घालता. बोलताना सर्वांत तरुण आधी, वडीलधारे नंतर, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) शेवटी. हा क्रम मोडू देऊ नका. पाळकांनी पहिलं वाक्य उच्चारलं की उरलेली अकरा माणसं त्यालाच दुजोरा देत बसतात.

बायबल अभ्यासासाठी नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 6 घेतला आहे आणि ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होत होती. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही आणि सगळं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. सात जण निवडले गेले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्या गटाची, जबाबदारीही बहुधा त्याच गटाकडे गेली. मूल्य निर्णयात कसं उतरतं हे दाखवायला याहून नेमका उतारा सापडणं कठीण.

पुस्तिकेच्या शेवटी 40 तयार मूल्यांची यादी दिली आहे, ती मात्र कार्डं लिहून होईपर्यंत कुणाला उघडू देऊ नका. उत्कृष्टता, नेतृत्व, नावीन्य हे शब्द कंपन्यांच्या भिंतींवरून आलेले आहेत. यादी दिसली की माणसं आठवायचं थांबवून निवडायला लागतात. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळ्यांना तर नवे शब्द शोधायचीही गरज नाही. 1970 मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन ही चर्च झाली. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तिचे तीन शब्द आहेतच. ऐरोलीत साक्ष म्हणजे आठवड्यात नेमकं काय, हे लिहिणं जास्त कामाचं.

दुसऱ्या शनिवारी प्रत्येक मूल्य चार ओळींत लिहायचं: मूल्य, त्याला बायबलच्या वचनाचा आधार, ‘म्हणून आम्ही करतो’ आणि ‘म्हणून आम्ही करत नाही’. चौथी ओळ सर्वांत मोलाची. ‘नव्याने आलेल्याला घर’ हे मूल्य असेल, तर उपासनेनंतर 20 मिनिटं सगळे चहाला थांबतात, आणि म्हणून त्या वेळेत कमिटीची बैठक लावत नाहीत. असं लिहिलं की पुढच्या महिन्यात ते पाळलं की नाही हे कुणालाही सांगता येतं.

पण इथेच वेळापत्रक कोसळतं. पाच मूल्यांना प्रत्येकी 40 मिनिटं धरली तरी 200 मिनिटं लागतात आणि दिलेली आहेत 120. शेवटची दोन मूल्यं घाईत उरकली जातात. तिथे तीनच लिहा, बाकीची घरी. दोन शनिवारांमध्ये आठवड्याचंच अंतर असल्याने मसुदा रविवारी सर्व सभासदांपुढे नीट ठेवताही येत नाही. तारखा ठरवताना तीन-चार आठवड्यांचं अंतर मागून घ्या. बारा जणांनी ठरवून फ्लेक्स लावला, की बाकीचे विचारतात, हे कुणी ठरवलं? तो प्रश्न रास्त असतो. तीन महिन्यांनी एक तासाचा ऑनलाइन कॉल मिळतो, तोही अपुरा आहे. कमिटीच्या दर बैठकीत एक मूल्य घेऊन त्यावर दहा मिनिटं देण्याची सवय स्वतःच लावावी लागेल.

श्रद्धेचा अंगीकार (आम्ही काय मानतो याचं ठरलेलं निवेदन) वेगळा आणि मूल्यं वेगळी, हे मार्गदर्शक स्वच्छ सांगतात. ट्रस्टबद्दल मात्र बोलत नाहीत. नोंदणीकृत ट्रस्टचे उद्देश ट्रस्ट डीडमध्ये असतात आणि मूल्यांच्या कागदाने ते बदलत नाहीत. कॅथलिक पॅरिशसाठी ही रचना जशीच्या तशी चालणार नाही, कारण तिथे पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समितीचं, मत सल्ल्यापुरतं असतं.

भांडण ऐन भरात असेल किंवा पाळकांची बदली तोंडावर असेल तर जाऊ नका. नव्या पाळकांना सहा महिने मंडळी पाहू द्या, मग नोंदणी करा. महिना जुलै-ऑगस्टचा बरा: मार्चअखेरचे हिशेब तोवर तयार असतात आणि नाताळची धावपळ सुरू झालेली नसते. जमाखर्चाच्या दोन प्रती न्या. रकाने भरताना एक खोडाखोडीत जातेच.